कॉलेज निवडताना बाबासाहेबांचं न्यूयॉर्क आठवावं

ऑक्टोबर उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकच विषय असतो, बारावीतल्या मुलांचे कॉलेजचे अर्ज. १ नोव्हेंबर ही बऱ्याच मोठ्या विद्यापीठांची पहिल्या फेरीची शेवटची तारीख. त्यामुळे मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर व्हार्टन, स्टर्न, रॉस, केली ही नावंही फिरत असतात. काही वर्षांपूर्वी प्रत्येकाला कॉम्प्युटर सायन्सच हवं होतं. आता सॉफ्टवेअरमधल्या नोकऱ्यांची खात्री राहिली नाही म्हणून म्हणा किंवा वॉल स्ट्रीटच्या पगारांचे आकडे ऐकून म्हणा, मुलं फायनान्स म्हणू लागली आहेत. मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि इथे येऊन बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात, बिझनेस स्कूल कुठलं घ्यावं?

खरं सांगायचं तर मला रँकिंग पाठ नाहीत. पण हा प्रश्न आला की मला एक मराठी विद्यार्थी आठवतो. तो १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अर्थशास्त्र आणि त्यातही सरकारी पैशाचं शास्त्र शिकायला न्यूयॉर्कला आला होता. आपण सगळे त्यांना ओळखतो ते राज्यघटनेमुळे, चवदार तळ्यामुळे, नागपूरच्या दीक्षाभूमीमुळे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाने आधी अर्थशास्त्रज्ञ होते, वकील नंतर झाले. त्यांच्या आयुष्याची ही बाजू आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. फायनान्सच्या वाटेला लागणाऱ्या मुलांनी ती ऐकावी असं मला वाटतं.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेरच्या पाण्याला हात लावायची मुभा नव्हती, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. बडोद्यात नोकरीला लागतात न लागतात तोच, फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. कोणता विषय शिकणार, असं महाराजांनी विचारल्यावर भीमरावांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त ही नावं घेतली, असं चरित्रकार सांगतात. शिकून काय करणार, याचंही उत्तर तयार होतं. आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग शोधायचे होते.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपण मुलांना आधी कॉलेजचं नाव विचारतो, विषय मागून येतो, आणि कशासाठी शिकायचं हे तर कोणी विचारतच नाही. या मुलाकडे कशासाठी आणि काय याची उत्तरं आधी होती, कॉलेज नंतर आलं.

४ जून १९१३ ला करारावर सही झाली. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. म्हणजे हे एक प्रकारचं शैक्षणिक कर्जच होतं, फक्त ते डॉलरमध्ये न फेडता आयुष्याच्या वर्षांत फेडायचं होतं. आज व्हार्टनसारख्या खासगी ठिकाणी राहण्या-खाण्यासकट वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि घरच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा सही करण्याआधी आपण नक्की काय गहाण ठेवतोय हे आजच्या मुलांनीही वाचून घ्यायला हवं.

जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी बिझनेस स्कूल ही नवी गोष्ट होती. फिलाडेल्फियाच्या जोसेफ व्हार्टन या कारखानदाराने १८८१ मध्ये एक लाख डॉलर देऊन अमेरिकेतलं पहिलं असं स्कूल काढलं होतं. न्यूयॉर्क विद्यापीठाचं, आज ज्याला स्टर्न म्हणतात ते, १९०० मध्ये निघालं. हार्वर्डचं १९०८ मध्ये. आपल्या मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झालं तेही १९१३ मध्येच. आणि कोलंबियाचं बिझनेस स्कूल? ते निघालं १९१६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडलं त्याच वर्षी! थोडक्यात, ज्याला आपण आज फायनान्सची पदवी म्हणतो तशी कुठलीही पदवी त्यांनी घेतली नाही. ते राज्यशास्त्र विभागात अर्थशास्त्र शिकले. आजही कोलंबियाच्या बिझनेस स्कूलमध्ये बॅचलरची पदवी मिळत नाही. तिथून वॉल स्ट्रीटवर जाणारी पदवीची मुलं बहुतेक अर्थशास्त्र, गणित किंवा इंजिनिअरिंग करूनच जातात. अर्जाच्या गडबडीत हे अनेक पालकांना माहीतही नसतं.

मग त्यांना काय मिळालं? पहिली गोष्ट म्हणजे शिक्षक. एडविन सेलिग्मन हे तेव्हाचे करविषयक शास्त्रातले मोठे नाव. ज्याचं उत्पन्न जास्त त्याने जास्त दराने कर द्यावा, या विचाराचे ते कट्टर पुरस्कर्ते. आणि योग असा की, त्याच १९१३ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती होऊन केंद्राचा प्राप्तिकर सुरू झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं आणि ३१ जुलै १९१४ ला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला, तो पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. कर, मध्यवर्ती बँक, बाजार, तिन्हींची उलथापालथ होत असताना हा विद्यार्थी त्याच शहरात राहून हेच विषय शिकत होता. पुस्तकातला धडा आणि सकाळचं वर्तमानपत्र एकाच विषयावर असावं, याहून चांगलं कॉलेज ते कोणतं?

दुसरी गोष्ट, त्यांनी घेतलेले विषय. कोलंबियातल्या नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. पण त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. शिवाय थोडं राज्यशास्त्र, थोडं फ्रेंच आणि जर्मन. जॉन ड्युई यांच्यासारख्या तत्त्वज्ञाच्या वर्गात ते बसले. ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो आज त्यांच्या अर्थशास्त्राच्या प्रबंधांपेक्षा जास्त वाचला जातो. पैशाचा अभ्यास करायचा तर पैसा ज्या समाजात फिरतो तो समाज कळला पाहिजे, हे त्यांच्या विषयांच्या यादीवरूनच दिसतं.

तिसरी गोष्ट, माणसं. सुरुवातीला ते हार्टली हॉल या वसतिगृहात होते. तिथलं जेवण मानवेना म्हणून ११४व्या रस्त्यावर ५५४ क्रमांकाच्या घरात असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला आणि ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे अनेकदा पैशाच्या अडचणीत हाच मित्र उभा राहिला. मी एकदा रविवारी ११६व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनवर उतरून हा सगळा भाग पायी फिरलो. हार्टली हॉल अजून आहे. लिव्हिंग्स्टनचं नाव आता वॉलाक हॉल झालंय. सगळं मिळून दहा मिनिटांचं अंतर. एवढ्याशा जागेत, घरी रमाबाईंना पैसे पाठवून उरेल त्यात भागवत, तीन वर्षं काढायची, ही कल्पना तिथे उभं राहिल्यावर जास्त कळते. पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती.

आता त्यांच्या अभ्यासाबद्दल. कारण फायनान्स म्हणजे काय, याचं त्यांचं उत्तर आजच्या मुलांपेक्षा वेगळं होतं.

१९१५ च्या एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे जमाखर्च तपासले. कंपनीने महसूल कुठून गोळा केला, लढायांवर किती उधळले, लोकांच्या उपयोगाच्या कामांवर किती थोडे खर्चले, आणि शेवटी कर्जाचा बोजा कोणाच्या डोक्यावर आला. एखाद्या कंपनीचा ताळेबंद वाचणं हे आज प्रत्येक बिझनेस स्कूलमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. बाबासाहेबांनी जो ताळेबंद वाचायला घेतला, ती कंपनी एक देश चालवत होती.

पीएच.डी.चा विषय ब्रिटिश भारतातल्या प्रांतांचं वित्त. १८३३ च्या कायद्याने सगळी तिजोरी केंद्राच्या हाती गेली. १८७१ मध्ये लॉर्ड मेयोंच्या काळात प्रांतांना ठरावीक रकमा मिळू लागल्या, मग काही उत्पन्नं त्यांच्याकडे सोपवली, मग वाटून घेतली. हा सगळा हिशेब त्यांनी टप्प्याटप्प्याने मांडला. विषय कोरडा वाटतो, पण आज जीएसटीतला राज्यांचा वाटा आणि वित्त आयोग यांवरून आपल्याकडे जी भांडणं होतात, त्यांचं मूळ याच प्रश्नात आहे. कर कोण गोळा करतो आणि खर्च कोण ठरवतो? प्रबंध १९१६ मध्ये मान्य झाला. पण पदवीसाठी छापील प्रती जमा कराव्या लागत. पुस्तक निघालं १९२५ मध्ये, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, आणि पदवी हातात पडली १९२७ मध्ये. पदवीचा कागद अकरा वर्षं उशिरा आला, काम मात्र त्याच्यासाठी थांबलं नाही.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातलं. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली आणि परतावं लागलं. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणतीराने बुडाली आणि न्यूयॉर्कहून जमवलेल्या पुस्तकांतली बरीचशी तिच्याबरोबर गेली.

यापुढचा भाग फायनान्समध्ये करिअर करू पाहणाऱ्यांनी जरूर वाचावा. बडोद्याला महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थमंत्री करायचं होतं. अनुभवासाठी आधी लष्करी सचिवाचं काम दिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर कोलंबियाचा विद्यार्थी, हातात पक्की नोकरी आणि वर मोठ्या पदाचं आश्वासन. पण कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला जागा कोणी देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितलं. ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

मुंबईत पोट भरायला त्यांनी शिकवण्या धरल्या आणि शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. हे वाचून मी पहिल्यांदा चमकलो होतो. बाबासाहेब आणि शेअर बाजार! पेढी सुरुवातीला चाललीही. पण सल्ला देणारा माणूस महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं येईनाशी झाली आणि ती बंद करावी लागली. सल्ला तोच, ज्ञान तेच, सेलिग्मनच्या हाताखाली शिकलेलं डोकंही तेच. गिऱ्हाइकाने मात्र पाहिली जात.

चांगल्या कॉलेजची पदवी मिळाली की पुढचं सगळं आपोआप होतं, असं आपण मुलांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. पदवीमुळे दार उघडेलही, पण आत बसलेली माणसं बदलतीलच असं नाही. हे जुनं झालं असंही मला म्हणवत नाही. आपल्या मंडळांत नवीन कोणी आलं की आडनावानंतर गाव आणि गावानंतर आणखी काही विचारणारे आजही भेटतात. सिॲटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध नियम करावा लागला, तो उगीच नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी मिळाली, पगार महिना ४५० रुपये. तिथेही काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्याला हरकत घेतली. विद्यार्थी मात्र त्यांच्या तासाला आवडीने बसत. त्याच वर्षी शेतीच्या लहान तुकड्यांवर त्यांनी एक निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरची जास्तीची माणसं उद्योगात गेली पाहिजेत, असा त्याचा मथितार्थ. मग पगारातली बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले उसने पैसे यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

१९२३ च्या डी.एस्सी.चा प्रबंध म्हणजे रुपयाचा प्रश्न. हा सोपा करून सांगायचा प्रयत्न करतो, कारण आपल्यासारख्या परदेशस्थांचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. नंतर रुपया चांदीचाच राहिला, पण तो किती पाडायचा हे सरकारच्या मर्जीवर, आणि त्याचा भाव पौंडाशी बांधलेला, एक शिलिंग चार पेन्स. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या त्यांच्या पुस्तकात या पद्धतीची तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी त्यांच्याशी उघड मतभेद मांडला. त्यांचं म्हणणं असं की, विनिमयाचा दर स्थिर आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. देशातल्या माणसाला रुपयात किती धान्य मिळतं, हे आधी पाहा. सरकारच्या हातात नाणी पाडायची मोकळीक राहिली की महागाई येते आणि ती सगळ्यात आधी मजुराच्या घरात शिरते. म्हणून रुपये पाडणं थांबवा, मर्जीला बांध घाला.

रुपया घसरला की आपण इथले लोक खूश होतो. त्याच डॉलरमध्ये पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता जास्त फिटतो. पण त्याच घसरणीने गावाकडे तेल आणि डिझेल महागतं, ते कोणाच्या खिशातून जातं हा प्रश्न बाबासाहेब विचारत होते. दर रोज बघणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना तो पडतो?

परीक्षकांना प्रबंधातली ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली आणि फेरफार करायला सांगितलं गेलं. हातातले पैसे संपले होते, म्हणून ते मुंबईला आले आणि इथून सुधारून पाठवलं. त्याच वर्षी पदवी मिळाली. डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली, असा एक संदेश दर १४ एप्रिलला फोनवर येतो. ते तसं नाही. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगाने केली, कायदा १९३४ मध्ये झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. पण चलनाचा अधिकार कोणाच्या हाती असावा, या वादात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने आयोगासमोर बसून स्वतःचं मत दिलं, एवढी गोष्टही लहान नाही. तिला फुगवायची गरज नाही.

यानंतर वकिली, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, मजूरमंत्रिपद, राज्यघटना. मधल्या काळात, १९२५ ते १९२८, ते मुंबईतल्या बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. अर्थशास्त्र हा व्यवसाय म्हणून मागे पडला. तो त्यांनी सोडला, असं मात्र मला वाटत नाही. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली आणि ती घ्यायला ते न्यूयॉर्कला आले. चार वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात आज त्यांचा अर्धपुतळा आहे.

तर मग बिझनेस स्कूल कुठलं घ्यावं? माझ्यापुरतं मी चार गोष्टी सांगतो. ज्यांच्याकडून शिकायचं ते प्राध्यापक कोण आहेत आणि पदवीच्या मुलांना ते स्वतः शिकवतात का, हे बघा. फायनान्सबरोबर इतिहास, समाजशास्त्र, गणित घ्यायची मोकळीक आहे का, हे बघा. कर्ज किती होईल आणि ते फेडताना किती वर्षं नावडती नोकरी करावी लागेल, हा हिशेब अर्जाआधी मांडा. आणि सोबत कसली मुलं असतील, याचाही विचार करा. नवल भथेना कुठल्या रँकिंगमध्ये सापडत नाही.

व्हार्टन मिळालं तर उत्तमच, जरूर जा. रटगर्स मिळालं तरी काही बिघडत नाही. फक्त अर्जातल्या निबंधात फायनान्स का, असं विचारतील तेव्हा पगाराच्या पलीकडचं एखादं उत्तर मुलाकडे असावं. ते अजून नसेल तर १ नोव्हेंबरच्या आत सापडेलच असं नाही. चार वर्षांत सापडलं तरी चालेल, पण शोधायला हवं हे त्याला कोणीतरी घरी सांगितलेलं असावं.